जोड बरोबर लागली का? दसऱ्याच्या मैदानावरचे चार जुने वाद

म्हैसूरचा दसरा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? दिव्यांनी उजळलेला राजवाडा, सोन्याची अंबारी, तिचं साडेसातशे किलोंचं ओझं पेलत संथपणे चालणारा हत्ती आणि दोन्ही बाजूंना उसळलेली गर्दी. पण याच दसऱ्यात एक दुसरी गर्दीही असते. तिला रोषणाईशी फारसं देणंघेणं नसतं. ती दोड्डकेरे मैदानावर पायऱ्यांवर दाटीवाटीने बसते आणि तासन् तास एकाच गोष्टीवर बोलते: कुस्ती.

तुम्ही कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा बेळगावकडचे असाल, तर ही गर्दी तुम्हाला अजिबात परकी वाटणार नाही. भाषा कन्नड असेल, पण हातवारे तेच, हळहळ तीच आणि 'अरे, तिथे पट काढायला हवा होता!' हा सूरही तोच. कुस्तीच्या शौकिनांचे वाद सगळीकडे सारखेच असतात. त्यातले चार तर इतके जुने आहेत की दर वर्षी नव्याने रंगतात. यंदा तुम्ही दसऱ्याला म्हैसूरला जाणार असाल किंवा गावच्या जत्रेत मुलांना कुस्त्या दाखवणार असाल, तर हे वाद आधी समजून घ्या. मैदान वेगळंच दिसू लागेल.

बाजारापासून मैदानापर्यंत

सुरुवात देवराज मोहल्ल्यापासून करूया. इथला देवराज मार्केट म्हणजे शहराचं पोट. म्हैसूर मल्लिगेचे गजरे, विड्याची पानं, नंजनगुडची रसबाळे केळी, हळदीकुंकवाच्या राशी, सगळं एका छपराखाली. बाजाराच्या एका अंगाला जो मोठा रस्ता आहे, त्याचं नाव वाचून मराठी माणूस थबकतोच: सयाजीराव रस्ता. हे सयाजीराव म्हणजे आपले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. विजयादशमीची मिरवणूक, म्हणजे जंबू सवारी, राजवाड्यातून निघून याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते.

बाजारातून राजवाड्याच्या बाजूने पुढे चालत गेलं की दोड्डकेरे मैदान लागतं. दोड्डकेरे म्हणजे मोठं तळं. पूर्वी इथे तळं होतं, आता त्या जागेवर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं. तिथेच डी. देवराज अर्स यांच्या नावाचं क्रीडांगण आहे. दसऱ्याच्या कुस्त्या होतात त्या इथे.

म्हैसूरच्या दसऱ्याची परंपरा १६१० सालापासूनची. राजा वडेयार यांनी तो श्रीरंगपट्टणात सुरू केला आणि पुढे तो म्हैसुरात आला. मल्लविद्या त्याच्या सोबतच राहिली. आजही विजयादशमीच्या सकाळी राजवाड्याच्या अंगणात वज्रमुष्टी होते. जेट्टी समाजाचे मल्ल डोकं भादरून, मुठीत हत्यार घेऊन समोरासमोर उभे राहतात. कुणाच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत तिथेच थांबते. निकालावर वाद घालायला जागाच नाही! मैदानातल्या कुस्तीचं मात्र तसं नसतं.

पहिला वाद: जोड

आपल्याकडे 'जोड लावणं' म्हणतात. म्हैसुरात दसऱ्याआधी त्यासाठी खास कार्यक्रमच असतो, 'जोडी कट्टुवुदु', म्हणजे शब्दशः जोडी बांधणं. गावोगावच्या गरडी मनेंमधून, म्हणजे आपल्या भाषेत तालमींमधून, पैलवान आपल्या वस्तादांबरोबर येतात. कोणी कोणाशी लढायचं हे ठरतं. नुसती ही जोडी बांधायची गंमत बघायलाही शौकीन जमतात आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते.

गादीवरच्या कुस्तीत वजनकाटा जोड ठरवतो. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइल कुस्तीचे ५७ ते १२५ किलोंपर्यंत सहा गट असतात. तुम्ही ज्या गटात बसता, त्यातलाच प्रतिस्पर्धी तुम्हाला मिळतो. मातीतल्या मैदानात मात्र काट्यापेक्षा नजर मोठी मानली जाते. उंची, बांधा, वय, कोणत्या तालमीचा, याआधी कोणाला पाडलंय, दुखापतीतून उठलाय का, हे सगळं जाणकार डोळ्यांनी तोलतात.

म्हणूनच वाद होतो. एकजण म्हणतो, 'पोरगं हलकं आहे, हे काही बरोबर नाही.' दुसरा म्हणतो, 'हलकं असलं तरी चपळ आहे, बघत राहा.' हा वाद पोरकट नाही. जोड चुकली तर बघणाऱ्याचा रस जातो, पण लढणाऱ्याची मान किंवा गुडघा जाऊ शकतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं अख्खं आयुष्य एका चुकलेल्या जोडीने बदलू शकतं. त्यामुळे चांगला वस्ताद कधी कधी हाताशी आलेली कुस्ती नाकारतो आणि जाणते प्रेक्षक त्याला नावं ठेवत नाहीत.

दुसरा वाद: माती

'यंदा माती कडक आहे.' 'छे, पाणी जास्त झालंय, पाय रुततोय.' क्रिकेटच्या खेळपट्टीवर जेवढी चर्चा होते, तेवढीच चर्चा हौद्यातल्या मातीवर होते, फक्त ती टीव्हीवर दिसत नाही.

तालमीची माती म्हणजे अंगणातली माती नव्हे. लाल माती चाळून घेतात, खडे वेचतात. मग तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर असं काय काय मिसळतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक तालमीला आपलंच खरं वाटतं. हळद-कापराने खरचटलेलं चिघळत नाही, तेला-ताकाने माती मऊ राहते, असं जुने लोक सांगतात. म्हैसूरकडे मातीला 'मट्टी' म्हणतात आणि पैलवान उतरण्याआधी तिची पूजा होते. आपल्याकडेही पैलवान आधी माती कपाळाला लावतो आणि मगच शड्डू ठोकतो.

मातीचा पोत कुस्तीची चाल बदलतो. माती भुसभुशीत असली तर पाय अडकतो, वेग कमी होतो, ताकदवान आणि दमदार पैलवानाला फायदा होतो. माती दाबून घट्ट बसवलेली असली तर चपळ पैलवान झटकन पटात शिरतो. घामेजल्या अंगावर पकड बसत नाही, म्हणून पैलवान एकमेकांच्या पाठीवर मूठभर माती टाकतात. नवख्याला ते भांडण वाटतं, पण तो खेळाचाच भाग आहे.

मैदानाची घडणही तेवढीच महत्त्वाची. कोल्हापूरचं खासबाग मैदान बघा. राजर्षी शाहू महाराजांनी ते उभारलं, १९१२ साली ते खुलं झालं. मधोमध हौदा आणि भोवती वर चढत जाणारी गोल बैठक. कुठेही बसा, समोरच्या माणसाचं डोकं आड येत नाही. कुस्ती बघण्याचा हक्क पहिल्या रांगेतल्या मानकऱ्याला जेवढा, तेवढाच शेवटच्या रांगेतल्या हमालाला, हा विचार त्या उतारात आहे. म्हैसूरच्या क्रीडांगणातही मधोमध हौदा आणि भोवती पायऱ्या आहेत. म्हणून तर मागच्या पायरीवरचा माणूसही पंचाच्या थाटात बोलू शकतो!

तिसरा वाद: वेळ

म्हैसुरात परंपरेने चालत आलेल्या मातीतल्या कुस्तीला नाड कुस्ती म्हणतात. तिथे पैलवानाच्या दर्जाप्रमाणे वेळ ठरते. लहान पोरांची कुस्ती काही मिनिटांची, नावाजलेल्यांची अर्ध्या तासापर्यंत. त्या वेळेत पाठ लागली तर निकाल, नाही तर बरोबरी.

आपल्याकडच्या शौकिनांना मात्र निकाली कुस्ती हवी असते. खडाखडीत दहा मिनिटं गेली की पायऱ्यांवरून आवाज सुरू होतात. बरोबरीत सुटली की इनाम वाटून दिलं जातं आणि लगेच कोणीतरी पुटपुटतं, 'नुरा होती.' नुरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली. हा आरोप करायला सोपा आणि पुसायला फार अवघड. दोन तुल्यबळ पैलवान एकमेकांना जराही संधी देत नसतील, तर तीही उत्तम कुस्तीच असते. फक्त ती बघायला धीर लागतो.

गादीवर हा प्रश्न गुणांनी सोडवलाय. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळवला की दोन गुण, उभ्या स्थितीतून थेट पाठीवर धोकादायक स्थितीत आणलं की चार, रिंगणाबाहेर ढकललं की एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. बरोबरी नाहीच. पण मग जुने लोक विचारतात, 'पाठ न लावता जिंकला, तो कसला जिंकला?'

दोरी, झाडं आणि साखळ्यांची टोपली

हे सगळं फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेत आणि युरोपात डिस्क गोल्फ नावाचा खेळ आहे. गोल्फसारखाच, पण चेंडू-काठीऐवजी फ्रिस्बीसारखी चकती. ती फेकत फेकत लांबवर उभ्या असलेल्या, साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो जिंकला. एड हेड्रिक हे या खेळाचे जनक मानले जातात. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत पहिलं कायमस्वरूपी मैदान तयार झालं आणि पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळाडूंची संघटना उभी राहिली.

त्यांची एक मानाची स्पर्धा साउथ कॅरोलिनातल्या रॉक हिल गावी विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात १९९९ पासून होते. तिथे गवतावर दोऱ्या टाकून हद्द आखतात. चकती दोरीच्या पलीकडे पडली की दंड. इथे चाहत्यांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, 'अवघडपणा झाडांतून, चढ-उतारातून, पाण्यातून यायला हवा. दोरी टाकून कोणीही मैदान अवघड करेल.' दुसरा म्हणतो, 'दोरीमुळेच तर अचूकता कळते. खेळाडूला ती दिसतेय ना? मग तक्रार कसली?'

२०२१ मध्ये युटा राज्यातल्या ऑग्डेनला जागतिक स्पर्धा होती. जेम्स कॉनरॅड शेवटच्या टोपलीपाशी पॉल मॅकबेथच्या मागे होता. त्याने सुमारे २४७ फुटांवरून, म्हणजे पंचाहत्तर मीटरवरून, चकती थेट टोपलीत टाकली, बरोबरी साधली आणि नंतरच्या निर्णायक फेरीत तो जिंकला. ते नशीब होतं की कसब, यावर चाहते मनसोक्त भांडू शकतात.

ऐकताय ना? हौद्यातल्या मातीचा आणि गवतावरच्या दोरीचा वाद मुळात एकच आहे: मैदान खेळाडूची परीक्षा घेतंय की नशिबाची? ज्या प्रेक्षकांना हा प्रश्न पडतो, त्यांना खेळ खऱ्या अर्थाने आवडतो.

चौथा वाद: पंच

सर्वांत तापणारा वाद हा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागातल्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ खरंच धोकादायक स्थितीत गेली होती का? पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्रातल्या मोबाइलवर तो काही सेकंदांचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून पाहिला गेला. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, प्रत्येकजण पंच झाला. तिथवर ठीक होतं. पण पंचांना धमकी दिल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा शौक आणि उन्माद यांतली रेघ पुसली गेली. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने महाराष्ट्र केसरीची गदा मिळवली. वादाला सगळ्यात चांगलं उत्तर मैदानातच मिळालं.

२०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पुन्हा तेच. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पाठ लागली की नाही यावर वाद झाला. चिडलेल्या शिवराजने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर बंदीची कारवाई झाली. पंच चुकू शकतात, नक्कीच. एका नजरेत, एका क्षणात निर्णय द्यायचा असतो. म्हणून व्हिडिओ तपासणी, दाद मागण्याची सोय हवीच. पण मुलं आपल्याकडे बघत असतात. निर्णय आवडला नाही तर आपण काय करतो, हे ती मैदानापेक्षा आपल्याकडूनच जास्त शिकतात.

माती की गादी?

या चार वादांच्या तळाशी एक मोठा प्रश्न आहे. मातीतली कुस्ती टिकणार का?

खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावं लागलं, सवय नसताना, आणि तरी ते सहावे आले. चार वर्षं त्यांनी तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या गोष्टीतून माती हरली असाही अर्थ काढता येतो आणि मातीनेच त्यांना घडवलं असाही. दोन्ही खरे आहेत.

महाराष्ट्र केसरीने यावर एक सुंदर तोडगा काढलाय. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी समोरासमोर. म्हैसूरच्या दसऱ्यातही नाड कुस्तीबरोबर गादीवरच्या गुणांच्या स्पर्धा होतात. दसरा कंठीरव, दसरा केसरी, दसरा कुमार असे किताब दिले जातात आणि मुलींसाठी दसरा किशोरी. ज्या हौद्याच्या आसपासही बायकांना एके काळी येऊ देत नसत, त्या खेळात आज मुलगी किताब घेऊन घरी जाते. मैदान बदलतं ते असं.

पण तालमीतल्या गरीब घरच्या मुलासाठी हा प्रश्न रोजचा आहे. जत्रेतलं इनाम मातीत मिळतं, त्यातून खुराक चालतो. नोकरी, क्रीडा प्रबोधिनी आणि राष्ट्रीय स्पर्धा मात्र गादीवर. सकाळी माती, संध्याकाळी गादी असं दोन्ही करायचं तर शरीर, वेळ आणि पैसा तिन्ही लागतात. गावच्या तालमीला एक चांगली गादी मिळाली, तर त्या मुलाला एकाची निवड करावी लागणार नाही. पुढच्या वेळी मंडळाची वर्गणी द्याल, तेव्हा तालमीच्या गादीसाठी काही करता येईल का, एवढं विचारून बघा.

मुलांना घेऊन जाताना

पहिल्यांदाच जात असाल तर एवढं लक्षात ठेवा:

– शेवटची मोठी कुस्ती गाठायला उशिरा जाऊ नका. लहान मुलांच्या कुस्त्या आधी होतात आणि डाव समजायला त्याच सोप्या असतात.

– पैलवानाच्या चेहऱ्याकडे नको, पायांकडे बघा. पुढचा डाव आधी पायात दिसतो.

– मुलांना दोनच डाव ओळखायला सांगा. पट, म्हणजे खाली वाकून पाय धरणं, आणि धोबीपछाड, म्हणजे धोबी कपडा आपटतो तसं खांद्यावरून फेकणं. बाकीचे आपोआप कळतात.

– शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारा. भाषा येत नसली तरी चालेल. 'पट' आणि 'पैलवान' हे शब्द म्हैसुरातही कळतात.

– हरलेल्यासाठीही टाळ्या वाजवा. आपल्याकडे हरलेला पैलवानही जिंकणाऱ्याला उचलून घेतो, कारण उद्या पुन्हा त्याच मातीत उतरायचं असतं.

– निकाल पटला नाही तर वाद जरूर घाला. घरी जेवताना, गाडीत, फोनवर घाला. पण पैलवानाच्या गावावरून, जातीवरून किंवा धर्मावरून एक शब्दही नको. हौद्यात उतरल्यावर सगळ्यांच्या अंगाला एकच रंग लागतो, लाल.

मराठीत 'मैदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत. जागा तर आहेच, पण 'यंदा गावात मोठं मैदान आहे' म्हणतो तेव्हा आपल्याला स्पर्धा अभिप्रेत असते. जागा आणि स्पर्धा यांना एकच शब्द असणं उगाच नाही. माती कशी आहे, जोड कशी लागली, वेळ किती दिली, पंच कसे आहेत, यावरच स्पर्धा चांगली की वाईट ते ठरतं. आणि त्या सगळ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारे असतात ते पायरीवरचे शौकीन. त्यांच्यात तुम्हीही जाऊन बसा. यंदाची जोड बरोबर लागली का, ते तुम्हीच ठरवा.